मावशी, तुमचं एक गिऱ्हाईक कमी झालं

मावशी,

हे पत्र तुम्ही वाचणार नाही, नातू वाचून दाखवील. त्याला म्हणावं सावकाश वाच, मधलं गाळू नको. तोंडावर आभार मानायचा मी दोनदा प्रयत्न केला. दोन्ही वेळा "जाऊ द्या भाऊ, आलं किती देऊ?" म्हणत तुम्ही विषय मिटवलात. म्हणून आता चारचौघांत लिहितोय. आमच्या जेलरोडच्या कॉलनीनेही वाचावं. तुमच्या भाजीच्या गाडीपाशी सगळ्यात जास्त घासाघीस कोण करतं, हे कॉलनीला चांगलं ठाऊक आहे.

मावशी म्हणतो खरा, पण वयाने तुम्ही माझ्याहून फार तर चार-पाच वर्षांनी मोठ्या असाल. सगळे म्हणतात म्हणून मीही म्हणतो.

यंदाचा उन्हाळा घरातच काढायचा हे जानेवारीतच ठरलं होतं. हिच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं, त्यामुळे दरवर्षीचं कोकण रद्द. नाशिकची जुनी माणसं फुशारकीने सांगायची की आमच्याकडे उन्हाळ्यात पंखासुद्धा लागत नाही. ते दिवस गेले. आता पारा चाळिशी ओलांडतो आणि दुपारी कूलर गरम वारा फेकतो. नोटा छापणाऱ्या प्रेसमधून निवृत्त होऊन मला दोन वर्षं झाली. 32 वर्षं नोटांचे कागद मोजले, तेव्हा आता घरात बसून मोजायला काहीच नाही, हा एक वेगळाच त्रास. घरामागे 10 बाय 18 फुटांचं परस आहे. त्यात फुटक्या फरश्या, गंजलेली सायकल आणि बांधकामाच्या वेळचा मुरूम. म्हटलं, इथे भाजी लावू.

महाशिवरात्रीच्या आठवड्यातली ती दुपार तुम्हाला आठवत असेल. साडेबारा वाजले होते. मी टॉवेल डोक्याला गुंडाळून, पाईप धरून रोपांना पाणी घालत होतो. तुम्ही गाडी बाजूच्या बोळात लावून कंपाउंडवरून डोकावलात.

"काय करू ऱ्हायले भाऊ?"

"पाणी घालतोय. ऊन किती आहे बघा ना."

"पाणी? भाजी शिजवू ऱ्हायले तुम्ही!"

मग फाटक ढकलून आत आलात आणि माझा हात धरून पाईपच्या तोंडाशी नेलात. उन्हात पडलेल्या पाईपमधलं ते पाणी चहाला चाललं असतं. नर्सरीतून आणलेली माझी 12 टोमॅटोची रोपं त्या पाण्याने रोज आंघोळ करत होती. तुम्ही खाली बसलात आणि मातीत बोट खुपसलंत. दुसऱ्या पेरापर्यंत गेलं आणि अडकलं. वरून चिखल, आत कोरडं ठक्क. म्हणालात, रोज शिंपडत बसू नका, आड दिवसाने घाला पण पोटभर घाला, आणि ऊन चढायच्या आत. वरवर ओल मिळाली की मुळं वरच राहतात, मग एका दुपारी माना टाकतात. हे प्रेसच्या भाषेत मला पटकन कळलं. वरचे चार कागद मोजून गठ्ठा पास करायचा नसतो.

टोमॅटोचं तुम्ही त्याच दिवशी सांगितलं होतं, की हे उन्हाळ्याचं पीक नव्हे, फुलं येतील आणि गळतील. मी ऐकलं नाही. पिंपळगावच्या बाजारात टोमॅटोचे डोंगर बघितलेला माणूस मी, मला वाटलं नाशिकच्या मातीत टोमॅटो येणार नाही तर काय येणार. एप्रिलमध्ये फुलं आली, पिवळीधमक, आणि देठासकट गळाली. 12 झाडांना मिळून 5 टोमॅटो, त्यातले 2 खारुताईने नेले. पिंपळगावचे ते डोंगर पावसाळी लागवडीचे असतात, एवढी साधी गोष्ट मी आयुष्यभर नजरेआड केली होती.

मुरूम काढायला तुम्ही लावलात. 11 घमेली निघाली, कंबर आठवडाभर धरली. मग खताचा प्रश्न. मी एका दुकानातून शेणखताची गोणी आणली होती. तुम्ही मूठभर उचललंत, नाकाशी नेलंत आणि परत गोणीत टाकलंत. "वास येऊ ऱ्हायला. कच्चं आहे. याच्याने हुमणीची अळी होईल आणि रोपं जळतील." पुढच्या सोमवारी तुमच्या गाडीच्या खालच्या फळीवर दोन गोण्या होत्या, दारणाकाठच्या तुमच्या उकिरड्यातलं वर्षभर मुरलेलं खत. काळं, भुसभुशीत, चहाच्या चोथ्यासारखं, वास म्हणावा तर पहिल्या पावसाच्या मातीचा. पैसे विचारले तर म्हणालात, "उकिरड्याचे काय पैसे घ्यायचे?"

दुकानाची गोणी मी कोपऱ्यात झाकून ठेवलीय. पुढच्या वर्षी मुरेल.

भेंडीचं बी तुम्ही पदराच्या गाठीतून काढून दिलंत. रात्रभर ओल्या फडक्यात बांधून ठेवा, फुटभर अंतरावर एका जागी दोन-दोन टोचा, जोर धरेल ते ठेवा. सहाव्या दिवशी सकाळी माती उचलून कोंब वर आलेले दिसले तेव्हा मी हिला हाक मारली, आणि ती वॉकर घेऊन स्वयंपाकघराच्या दारापर्यंत आली. फिजिओवाल्या मुलीने तिला रोज 40 पावलं चालायला सांगितलं होतं, ती हॉलमधल्या हॉलमध्ये कंटाळून 15 वर थांबायची. दारापासून भेंडीच्या ओळीपर्यंत 19 पावलं होतात, मी मोजली आहेत. जाऊन येऊन 38. उरलेली दोन ती ओट्यावर बसताना काढायची. मार्चअखेरीस वॉकर गेला, काठी आली. मे महिन्यात काठी दोडक्याच्या मांडवाला आधार म्हणून लावली, ती अजून तिथेच आहे.

आता माठाचं लिहितो, कारण कॉलनीत सगळ्यांनी मला तेच विचारलं. नवा माठ घेतला की जुना आपण फुलझाडाला लावतो नाहीतर गच्चीवर टाकतो. तुम्ही आमचे दोन जुने माठ गळ्यापर्यंत मातीत पुरायला लावलेत. भोवती हातभर अंतरावर दोडका आणि काकडीचं बी. माठ भरायचा, वर ताटली झाकायची, नाहीतर डास अंडी घालतात. माती कोरडी झाली की माठाच्या अंगातून पाणी ओढून घेते, ओली असली की ओढत नाही. चार दिवसांतून एकदा भरला की झालं. आमच्याकडे नळ सकाळी एकदाच येतो, त्यामुळे तांदूळ-भाज्या धुतलेलं पाणीही त्यातच जायचं, गाळून. मे महिन्यात एकदा मी माठाच्या पोटाशी थोडी माती उकरून बघितली. पांढऱ्या मुळांनी माठाला जाळीसारखं वेढलं होतं, लहान मूल आईच्या पोटाला बिलगतं तसं. घाईघाईने परत बुजवलं. चोरून बघितल्यासारखं वाटलं.

पाचटही तुमचंच. नातवाने पळशाकडून उसाच्या पाचटाचे दोन भारे मोटरसायकलवर आणले, पोराचं फक्त डोकं दिसत होतं. बोटभर जाड थर अंथरला. दुपारी दोनला पाचटावर पाय ठेवला तर चटका बसायचा आणि त्याच्याखाली हात घातला तर गारवा. उघड्या राहिलेल्या पट्ट्यात काळ्या मातीला करंगळी जाईल एवढ्या भेगा पडल्या होत्या.

भेंडीची पहिली तोड 14 एप्रिलला, 7 भेंड्या. वही ठेवली आहे मी, हसू नका. आड दिवसाने तोडायचीच, नाहीतर जून होते, ही तुमची ताकीद मी एकदाच मोडली, पाहुणे आले होते म्हणून. तीन दिवसांनी त्या भेंड्या सुरीला दाद देईनात. 24 झाडांपैकी दोन झाडांच्या पानांवर पिवळं जाळं दिसायला लागलं तेव्हा मला वाटलं पाणी कमी पडलं. तुम्ही रस्त्यावरूनच ओरडलात, "केवडा आला, उपटा!" हिचा जीव होईना, झाडांना फुलं होती. तुम्ही आत येऊन एक पान उलटं केलंत, झटकलंत, आणि रांगोळीची फुंकर उडावी तशा बारीक पांढऱ्या माश्या उडाल्या. याच रोग नेतात, एका झाडावरून दुसऱ्यावर. दोन्ही झाडं तुम्ही स्वतः उपटलीत. मग तेलाच्या पिवळ्या डब्याचं झाकण काठीला अडकवून त्याला एरंडेल चोपडायला लावलंत. संध्याकाळपर्यंत झाकणावर तीळ पेरल्यासारख्या माश्या चिकटल्या होत्या. बाकीची 22 झाडं वाचली.

दोडक्याची गंमत मात्र नातीला लक्षात राहील. ती सुट्टीत पुण्याहून आली होती. वेलावर फुलंच फुलं आणि फळ एक नाही, मी तुम्हाला तक्रार केली. म्हणालात, "ही सगळी नर आहेत. थोडा दम धरा, मादी मागून येते." आली. फुलाच्या मागे बोटभर दोडकं आधीच चिकटलेलं असतं, ते मादीचं. पण ती बारकी दोडकी पिवळी पडून गळायला लागली. आमच्या गल्लीत संध्याकाळच्या माश्या-भुंगे कमी. दोडक्याचं फूल उमलतं दिवस कलताना, आणि काकडीचं सकाळी, हेही तुमच्याकडूनच कळलं. मग रोज साडेसहाला आमची नात स्टुलावर चढायची. नर फूल खुडायचं, पाकळ्या मागे मुडपायच्या, मधली पिवळी भुकटी मादीच्या तोंडाला हलकेच टेकवायची. "आजोबा, श्वास रोखा, उडेल!" मी खरंच रोखायचो. ज्या फुलाला लावलं त्याच्या देठाला ती लोकरीचा धागा बांधायची. धाग्याची दोडकी धरली, बिनधाग्याची बहुतेक गळाली. सुट्टी संपेपर्यंत वेलावर 17 धागे होते.

त्या संध्याकाळी, खरं सांगतो, कोकणाची आठवण आली नाही. सहानंतर वारा सुटायचा, पाणी पिऊन पाचटाला ओलसर गोडूस वास सुटायचा, बुलबुलाची जोडी तारेवर. आम्ही तिघं ओट्यावर कलिंगड खात बसायचो आणि उद्या कोणती भेंडी तोडायची यावर भांडायचो.

तण म्हणून मी जे उपटून फेकत होतो ती घोळाची भाजी आहे, हे सांगून तर तुम्ही आमच्या घरावर उपकारच केलेत. तूरडाळ घालून, वर लसणाची फोडणी. माझी आई करायची. चव जिभेला आठवली, झाड डोळ्यांना आठवलं नव्हतं.

आता कबुलीचं. कोथिंबीर. चपलेखाली धणे रगडून, दोन फाकी करून, हिरव्या जाळीच्या सावलीत मी पेरली. तीन आठवडे सकाळ-संध्याकाळ पाणी. वीतभर व्हायच्या आधीच उन्हाने तिला फुलं आणली. सगळी उपटून चहाच्या कपात मावेल एवढी एक जुडी झाली. त्या दिवशी मला तुमच्या गाडीवरची मे महिन्यातली कोथिंबीर आठवली, ओल्या गोणपाटात झाकलेली, आणि जुडीमागे 5 रुपये सोडा म्हणून दहा मिनिटं उभा राहणारा मीही आठवलो. किती वर्षं, तेही मोजता येईल, पण नको.

माझ्या वहीतला हिशोब असा: भेंडी 6 किलो 200 ग्रॅम, गवार सव्वातीन किलो, काकड्या 26, दोडके 31, टोमॅटो वर सांगितलेच. म्हणजे तेवढी भाजी मी तुमच्याकडून घेतली नाही. हे तुम्हाला कळत नव्हतं असं नाही. मी एकदा विचारलंही, की मला शिकवून तुमचाच धंदा बुडतोय ना. तुम्ही तराजूतला काटा बघत म्हणालात, "तुमच्या परसात कांदा थोडीच येणार आहे? आणि आता भाव तर करणार नाहीत."

आणि मग मागच्या रविवारची गोष्ट. एकदम 9 दोडके निघाले. मी पिशवी भरून तुमच्या गाडीवर ठेवली, घरी न्या म्हणून. तुम्ही पिशवीतून एकेक काढून तराजूत टाकलेत. पावणेदोन किलो. मनातल्या मनात हिशोब केलात आणि कमरेच्या पिशवीतून एक 50 ची नोट आणि एक 20 ची नोट काढून माझ्या हातात दिलीत. मी नको नको म्हणतोय, तुम्ही ऐकायला तयार नाही. "धंद्यात फुकट नाही, भाऊ." तीन महिने खत, पाचट, बी आणि शहाणपण फुकट वाटणाऱ्या बाईने हे म्हणावं!

20 ची खर्च केली. 50 ची नोट वहीत ठेवली आहे. आमच्या हाताखालून गेलेली असेल का म्हणून उजेडात धरून उगाच उलटीपालटी करून बघितली. हिने विचारलं काय बघताय, तर म्हटलं, पहिला पगार.

नभ भरून यायला लागलंय. गिलक्याचं बी आणायचं तुम्ही कबूल केलंय, विसरू नका. माठ तसेच पुरलेले ठेवू की पावसाळ्यात काढून घेऊ, तेही सांगा. आणि येताना तराजू रिकामा ठेवा, वेलावर अजून 6 आहेत. भाव तुम्हीच लावा.

तुमचा,
प्रेसवाले भाऊ