डॉन वॉज यांना, 'निक ऑफ टाइम'बद्दल

प्रिय डॉन वॉज,

सप्रेम नमस्कार.

आम्ही स्लाइड गिटार (तारांवर नळी सरकवून वाजवायची गिटार) वाजवणारी आणि छोट्या खोल्यांत ध्वनिमुद्रण करणारी काही मराठी मंडळी आहोत. गायिका आणि स्लाइड गिटारवादक बॉनी रेट यांच्या 'निक ऑफ टाइम' या अल्बमचे निर्माते म्हणून तुमचे आभार मानायचे राहून गेले होते, म्हणून हे उघड पत्र.

अल्बम मार्च १९८९मध्ये कॅपिटॉल रेकॉर्ड्सकडून आला. बॉनीताई तेव्हा ३९ वर्षांच्या होत्या, अल्बम त्यांचा दहावा होता आणि आधीच्या कंपनीने १९८३मध्येच त्यांना नारळ दिला होता. फेब्रुवारी १९९०मध्ये या अल्बमला वर्षाच्या सर्वोत्कृष्ट अल्बमसह तीन ग्रॅमी मिळाले. ब्लूज गायक जॉन ली हूकर यांच्याबरोबर गायलेल्या गाण्याचा चौथाही त्याच रात्री मिळाला. एप्रिलमध्ये, म्हणजे बाजारात येऊन वर्ष उलटल्यावर, अल्बम बिलबोर्डच्या यादीत पहिल्या क्रमांकावर गेला. पुढे एकट्या अमेरिकेत त्याची पन्नास लाखांची पातळी प्रमाणित झाली. या यशावर भरपूर लिहिले गेले आहे. आम्हाला बोलायचे आहे ते तुम्ही निर्माता म्हणून जी जागा मोकळी ठेवलीत तिच्याबद्दल.

ते वर्ष आठवून पाहावे. स्नेअर ड्रमवर मोठा रिव्हर्ब (घुमारा) चढवून तो गेटने मध्येच कापलेला, सिंथेसायझरचे थरावर थर, आणि त्या गर्दीत कुठेतरी गायिका, असा तो काळ होता. तुम्ही स्वतः 'वॉज (नॉट वॉज)' या बँडमधून नाचाच्या संगीतात नाव कमावलेले, त्यामुळे ती सगळी हत्यारे तुमच्या हाताशी होती. निर्माते हॅल विल्नर यांच्या डिस्नेच्या गाण्यांच्या अल्बमसाठी १९८८मध्ये तुम्ही आणि बॉनीताई 'बेबी माइन'वर एकत्र आलात. तिथूनच हा सूर जुळला असणार. 'निक ऑफ टाइम'मध्ये गळा पुढे आहे, गिटार त्याच्या बाजूला आहे आणि बाकीचे सगळे त्या दोघांना सांभाळून घेणारे आहे.

तुमच्या या कामातून आम्ही एक कसोटी उचलली आणि ती आजही वापरतो. गाणे निवडताना फक्त गळा आणि एक वाद्य, एवढेच ध्वनिमुद्रित करायचे. मेट्रोनोम नको, रिव्हर्ब नको. दुसऱ्या दिवशी ऐकायचे. दुसऱ्या कडव्यापर्यंत लक्ष टिकले नाही, तर पट्टी आणि लय बदलून एकदाच पुन्हा करायचे. तरीही टिकले नाही, तर गाणे बाजूला. अशा गाण्याला ड्रम आणि ऑर्गन चढवले की ते चांगले झाल्याचा भास होतो, आणि तो भास मिक्सिंगच्या वेळी उतरतो. तोपर्यंत स्टुडिओचे भाडे भरून झालेले असते.

तुमच्या अल्बममधली गाणी या कसोटीवर लावून पाहा. जॉन हायट यांचे 'थिंग कॉल्ड लव्ह' एका गिटारवर उभे राहते. 'आय एन्ट गॉना लेट यू ब्रेक माय हार्ट अगेन'मध्ये हर्बी हॅनकॉक यांचा पियानो आणि गळा यांच्यावरच सगळे पेलले आहे. शीर्षकगीत बॉनीताईंचे स्वतःचे. मूल हवे असलेली मैत्रीण, म्हातारे होत चाललेले आईवडील, असा मजकूर रॉकच्या अल्बमच्या सुरुवातीलाच ठेवायला धाडस लागते. तिथे ठेका इतका मवाळ आहे की एकही शब्द बुडत नाही.

आता स्लाइडबद्दल, कारण आमच्या लोकांचे सर्वांत जास्त हाल तिथेच होतात. स्लाइड आणि बाईचा आवाज दोन्ही साधारण एक ते चार किलोहर्ट्झच्या पट्ट्यात सर्वांत टोचतात. दोन्ही एकाच वेळी वाजले तर शब्द पुसट होतात. मग लोक गळ्याचा आवाज वाढवतात, त्यावर गिटार वाढवतात आणि शेवटी दोन्ही कर्कश लागतात. इक्वलायझरने, म्हणजे एखादा पट्टा कमीजास्त करून, हे थोडेच सुटते. खरा उपाय तुमच्या अल्बमवर ऐकू येतो: गाण्याची ओळ संपली, श्वास झाला, की स्लाइडने उत्तर द्यायचे आणि पुढच्या ओळीआधी थांबायचे. आपल्याकडे चांगला साथीदार गवयाच्या जागा भरतो, पण त्याच्या अंगावर येत नाही, तसेच हे आहे.

स्लाइडसाठी जे ओपन ए (नुसत्या मोकळ्या तारा छेडल्या तरी ए मेजर कॉर्ड वाजतो अशी लावणी) वापरून पाहतील त्यांच्यासाठी चार गोष्टी. जाड तारेकडून पातळ तारेकडे ई, ए, ई, ए, सी शार्प, ई असे लावायचे, म्हणजे पट्टी पांढरी सहा. नेहमीच्या लावणीतून चौथी, तिसरी आणि दुसरी तार एकेक पूर्ण स्वर वर चढवावी लागते. ताण वाढतो, मान किंचित पुढे वाकते आणि जुनी तार तिथेच तुटते, म्हणून आधी नव्या तारा घाला. भीती वाटत असेल तर सहावी, पाचवी आणि पहिली तार एकेक स्वर उतरवून ओपन जी लावा आणि दुसऱ्या फ्रेटवर कॅपो (सगळ्या तारा दाबून धरणारा चिमटा) लावा. सूर तेच मिळतात, ताण कमी राहतो. तारांची उंची बाराव्या फ्रेटपाशी दोन मिलिमीटरच्या आसपास ठेवा. त्याहून खाली गेली की नळी फ्रेटवर खडखडते आणि तो खडखडाट माइक इमानाने टिपतो. नळी फ्रेटच्या बरोबर वर यावी. बोटाने वाजवताना आपण फ्रेटच्या मागे दाबतो, ती सवय राहिली की प्रत्येक सूर उतरलेला लागतो. नळीच्या मागची बोटे तारांवर हलकी टेकलेली असू द्या, नाहीतर नळीमागचा तारेचा भागही गुणगुणतो. बॉनीताई काचेची नळी मधल्या बोटात घालतात. आमच्यातले बरेच जण करंगळीत घालतात, पण त्यांची पद्धत मिंडेला जास्त वजन देते, असे आमचे मत झाले आहे.

गळ्याच्या मुद्रणात सर्वांत मोठी चूक हेडफोनमध्ये होते. गायिकेच्या कानात तिचाच आवाज मोठा दिला, तर ती दबून गाते. फार लहान दिला, तर ती ओरडते आणि सूर चढतो. रिव्हर्ब जास्त असेल तर सुराचा काठ दिसेनासा होतो. आधी बास आणि ताल द्यावा, मग गळा हळूहळू वाढवावा, आणि ती हेडफोनचा एक कान बाजूला सरकवू लागली की समजावे, कानातले मिश्रण जमलेले नाही. सगळे एकाच खोलीत वाजवणार असाल, तर कार्डिऑइड माइकची (जो समोरचे टिपतो, मागचे फारसे टिपत नाही) पाठ ड्रमकडे करा. दोन माइकमधले अंतर प्रत्येक माइकच्या त्याच्या वाद्यापासूनच्या अंतराच्या तिप्पट तरी ठेवा. एवढे केल्यावर थोडा आवाज इकडून तिकडे झिरपला तरी बिघडत नाही, उलट माणसे एकत्र वाजवताहेत हे कळते.

तुम्ही स्वतः बासवादक आहात, तरी या अल्बमवर बास बहुतांशी हच हचिन्सन यांच्या हाती आहे आणि ड्रमवर रिकी फतार आहेत. 'हॅव अ हार्ट'मधली रेगेची छटा या जोडीने किती कमी मात्रांत उभी केली आहे! या अल्बमचे ध्वनिमुद्रक एड चर्नी २०१९मध्ये गेले. त्यांनाही हे पत्र लिहायला हवे होते. गायिकेचा श्वास ऐकू यावा आणि तो खटकू नये, एवढ्या बेताने फेडर (आवाज कमीजास्त करायची सरकती कळ) धरणारा माणूस क्वचित भेटतो.

लायब्ररी ऑफ काँग्रेसने २०२२मध्ये हा अल्बम राष्ट्रीय ध्वनिमुद्रण नोंदवहीत घेतला, तेव्हा इथेही आनंद झाला. तुम्ही, बॉनीताई आणि त्या स्टुडिओंतल्या सगळ्यांचे मनापासून आभार.

कळावे, लोभ असावा.

आपले,
महाराष्ट्रातले काही गिटारवादक आणि ध्वनिमुद्रक