मंगळवारचा अहवाल तुम्ही घेतलात त्याबद्दल

प्रिय ताई,

तुमचे आभार मानायला मी जेव्हा जेव्हा आले, तेव्हा "पुरे गं, कामाचं बोल" म्हणून तुम्ही विषय बदललात. म्हणून हे पत्र सगळ्यांसमोर लिहिते आहे. दुसरंही एक कारण आहे. आयुष्य एकदम उलटंपालटं झालंय आणि तरीही रोज कामावर जावं लागतंय, अशी माणसं आपल्या आजूबाजूला खूप आहेत. तुम्ही माझ्यासाठी काय केलंत ते त्यांना कळावं, आणि त्यांच्या शेजारी बसणाऱ्यांना तर नक्कीच कळावं, असं मला वाटतं.

त्या वर्षी बाबा गेले. आईनं एकटीनं राहणं शक्य नव्हतं, म्हणून ती आमच्याकडे आली. तिला स्वतंत्र खोली हवी म्हणून आम्ही घर बदललं. नव्या घरातली खोकी उघडून व्हायच्या आतच मला बढती मिळाली आणि अख्खा विभाग माझ्याकडे आला. भेटेल तो म्हणायचा, खंबीर राहा, कामात मन गुंतव, काळ हेच औषध. सगळे मनापासूनच बोलत होते. पण खंबीर राहायचं म्हणजे सकाळी उठून नक्की काय करायचं, हे त्यातून कळत नव्हतं.

तुम्ही माझ्या टेबलापाशी खुर्ची ओढून बसलात आणि म्हणालात, "मंगळवारचा अहवाल आजपासून माझ्याकडे. साहेबांशी बोलून झालंय. आकडे मी परस्पर मागवते, तू त्यात लक्ष घालू नकोस." बस, एवढंच. मला हो म्हणायचीसुद्धा गरज पडली नाही.

ताई, "काही लागलं तर सांग" आणि "अहवाल माझ्याकडे" यांत किती अंतर आहे, हे मला त्या दिवशी समजलं. पहिलं वाक्य चांगुलपणाचंच असतं. पण ते ऐकणाऱ्याला आधी विचार करावा लागतो की आपल्याला काय लागेल, ते कोणाला सांगावं, सांगितलं तर जास्त होईल का. म्हणजे आधीच दमलेल्या माणसाच्या डोक्यात आणखी तीन प्रश्न. तुमच्या वाक्यानं माझ्या आठवड्यातलं अर्ध्या दिवसाचं काम उचललं गेलं. खचलेल्या माणसाला मदत करायची असेल त्यानं त्याच्या कामातलं एखादं ठरावीक काम, नाव घेऊन, उचलावं, असं माझं तेव्हापासून ठाम मत झालंय.

मग तो कागद. दुसऱ्या दिवशी काम सुटल्यावर तुम्ही मला थांबवून घेतलंत आणि म्हणालात, "डोक्यात जे जे फिरतंय ते सगळं लिहून काढ. छोटं-मोठं बघू नकोस." मी लिहीत सुटले. बाबांच्या खात्याचा वारसाचा अर्ज. आईच्या डोळ्यांची तपासणी. तिची औषधं संपत आलीत. विजेचं बिल अजून जुन्याच पत्त्यावर जातंय. नव्या विभागातल्या दोघांची वार्षिक मूल्यमापनं. मुलाच्या शाळेत पत्ता बदलायचाय. बाबांचा मोबाइल नंबर चालू ठेवायचा की बंद करायचा.

तुम्ही पेन्सिल घेऊन एकेका ओळीपुढे माणूस, वार आणि वेळ लिहीत गेलात. वारसाचा अर्ज, भाऊ, सोमवार सकाळ. डोळ्यांची तपासणी, मी, गुरुवार चारनंतर. शाळेतला पत्ता, मुलाचे बाबा. मोबाइल नंबराच्या ओळीवर मात्र तुमची पेन्सिल थांबली. तुम्ही माझ्याकडे बघितलंत आणि तिथे लिहिलंत, "आत्ता ठरवायचं नाही." त्या तीन शब्दांनी मला जो सुटकेचा श्वास घेता आला, तो सांगता येणार नाही. हा निर्णय न घेणं हाही एक निर्णय असू शकतो आणि तो कागदावर लिहून ठेवता येतो, हे मला माहीतच नव्हतं. त्या रात्री मी बऱ्याच दिवसांनी सलग झोपले.

हे असं का झालं याचं कुतूहल मला पुढे स्वस्थ बसू देईना, म्हणून वाचत गेले. ब्लूमा झायगार्निक या मानसशास्त्रज्ञ बाईंनी 1927 साली मांडलं होतं की अर्धवट राहिलेली कामं पूर्ण झालेल्या कामांपेक्षा जास्त लक्षात राहतात. त्यांचे निष्कर्ष पुढे सगळ्याच संशोधकांना तसे मिळाले नाहीत. पण 2011 साली मासिकाम्पो आणि बाउमायस्टर यांनी जे दाखवलं ते मला माझ्या त्या कागदाशी थेट जोडता आलं. अपुरी राहिलेली उद्दिष्टं दुसऱ्या कामाच्या वेळी मनात घुसतात आणि त्या कामाची नासाडी करतात. मात्र ती पार पाडण्याची नेमकी योजना केली, की काम झालेलं नसतानाही ही ढवळाढवळ थांबते. म्हणजे अर्ज भरला गेला नव्हता, तपासणी झाली नव्हती, तरी सोमवार आणि गुरुवार लिहिल्यावर माझं मन त्यांच्यामागे धावायचं थांबलं होतं. तुम्ही यातलं एकही नाव घेतलं नव्हतंत. तुम्हाला ते ठाऊक होतं की अनुभवानं आलं होतं, हे मी अजून विचारलेलं नाही.

बढतीबद्दल तुमच्याशी झालेलं बोलणंही मला लख्ख आठवतं. मी म्हणाले होते, "बाबांचं सोडलं तर बाकी सगळं चांगलंच झालंय, मग इतकं थकायला का होतंय?" तुम्ही म्हणालात, "चांगल्याचाही भार असतो गं. शरीराला चांगलं-वाईट कळत नाही, बदललंय एवढंच कळतं." थॉमस होम्स आणि रिचर्ड राहे यांनी 1967 साली आयुष्यातल्या 43 घटनांची एक यादी केली होती. प्रत्येक घटनेनंतर माणसाला स्वतःची घडी नव्यानं बसवायला किती कष्ट पडतात, त्यानुसार गुण दिलेले. जोडीदाराचा मृत्यू 100, जवळच्या नातलगाचा मृत्यू 63, लग्न 50, घरात नवं माणूस येणं 39, कामातल्या जबाबदाऱ्या बदलणं 29, घर बदलणं 20. लग्नालाही 50 गुण, हे वाचून तुमचं वाक्य आठवलं. हे आकडे लोकांच्या सरासरी अंदाजावरून काढलेले आहेत, कोणाचं भविष्य त्यातून निघत नाही. पण माझ्या घटनांची बेरीज केल्यावर आपण नाजूक झालोय की काय ही शंका मनातून गेली. आणि मग नजर पहिल्या ओळीवर गेली. 100 गुण. ती ओळ माझी नव्हती, आईची होती. शिवाय घर तिचंही बदललं होतं, दिनक्रम बदलला होता, शेजार सुटला होता.

आईबद्दल तुम्ही जे विचारलंत ते दुसऱ्या कोणी विचारलं नाही. "तिचा हात दिव्याच्या बटणावर पडतो का?" मला प्रश्न कळायला क्षणभर लागला. मग आठवलं. रात्री उठली की आईचा हात दाराच्या डावीकडच्या भिंतीवर फिरायचा, कारण जुन्या घरात बटण तिथे होतं. नव्या घरात ते उजवीकडे होतं. ती अंधारात कोरी भिंत चाचपत राहायची आणि मग तशीच परत जाऊन आडवी व्हायची. आम्हाला वाटत होतं, वयानं विसरायला लागली. तुम्ही म्हणालात, "ती विसरली नाही, तिचा हात विसरला नाही. डावीकडे एक छोटा दिवा लावून दे." आम्ही लावला. आई त्याबद्दल काही बोलली नाही, पण रात्री उठल्यावर पाणी प्यायला स्वयंपाकघरापर्यंत जाऊ लागली.

सवयी जागेला चिकटलेल्या असतात, हे तेव्हा उमगलं. वेंडी वूड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2005 साली एका विद्यापीठातून दुसऱ्यात गेलेल्या विद्यार्थ्यांच्या व्यायाम, वर्तमानपत्र वाचणं, टीव्ही पाहणं अशा सवयींचा अभ्यास केला होता. आजूबाजूची परिस्थिती सारखी राहिली तिथे सवयी टिकल्या, ती बदलली तिथे मोडल्या. माझं सकाळचं चालणं नव्या घरी आल्यावर बंद पडलं, यात माझ्या निश्चयाचा दोष नव्हता. जिना बदलला होता, रस्ता बदलला होता, बूट ठेवायची जागा बदलली होती. तुम्ही मला पहाटे उठायला सांगितलं नाहीत, हे मला फार महत्त्वाचं वाटतं. मोठ्या बदलाच्या काळात माणसाला पहाटेचा गजर, नवे संकल्प, स्वतःला घडवायचे कार्यक्रम देणारे सल्ले मला निर्दयपणाचे वाटतात. तुम्ही म्हणालात, "उठायची वेळ एक ठेव. सुट्टीच्या दिवशीही तीच. बाकीचं मागून येईल." चालणं हळूहळू परत सुरू झालं. फिलिपा लॅली यांच्या लंडनमधल्या अभ्यासात एखादी गोष्ट अंगवळणी पडायला सरासरी 66 दिवस लागले होते, पण कोणाला 18 पुरतील तर कोणाला 254 लागतील इतका फरक होता. मधला एखादा दिवस चुकल्यानं फारसं बिघडतही नव्हतं. हे मला आधी कळलं असतं तर चुकलेल्या दिवसांचा इतका ताप झाला नसता.

आता ज्या गोष्टीसाठी मी तुमची सर्वांत जास्त ऋणी आहे, ती. नव्या विभागाच्या मीटिंगमध्ये कोणीतरी काहीतरी गमतीचं बोललं आणि मी हसले. खळखळून. पुढच्याच क्षणी छातीत कळ आल्यासारखं झालं. बाबांना जाऊन किती दिवस झाले आणि मी हसतेय. त्याच दुपारी एका जुन्या फाइलमध्ये बाबांच्या सहीसारखी वळणदार सही दिसली आणि मला रडू आवरेना. तुम्ही मला जिन्यात गाठलंत. मी म्हणाले, "मला धड रडताही येत नाही आणि धड कामही करता येत नाही." तुमचं उत्तर मी जसंच्या तसं लिहून ठेवलंय: "दोन्ही येतंय तुला. सकाळी एक आलं, दुपारी दुसरं. एकाच दिवसात दोन्ही येणं हेच तर बरोबर आहे. हसलीस म्हणून बाबा कमी झाले नाहीत, रडलीस म्हणून काम कमी झालं नाही."

तोपर्यंत तोल सांभाळणं म्हणजे मधोमध उभं राहणं, अशी माझी समजूत होती. दुःख इतकंच, काम इतकंच, दोन्ही पारडी समान. मार्गारेट स्ट्रोब आणि हेंक शुट या दोघांनी 1999 साली दुःखाबद्दल जे मांडलं, त्यात या मधोमध उभं राहण्याला जागाच नाही. माणूस कधी गमावलेल्याकडे वळतो, आठवतो, रडतो. कधी समोरच्या व्यवहाराकडे वळतो, कागदपत्रं करतो, नव्या भूमिका शिकतो. ही येजा होणं हीच सावरण्याची रीत आहे, आणि अधूनमधून दोन्हीपासून सुट्टी घेणंही तिचाच भाग आहे. कामात बुडून राहिलेला माणूस आणि आठवणींत बुडून राहिलेला माणूस, दोघंही एकाच ठिकाणी अडकलेले असतात. तुम्ही मला येजा करायची मोकळीक दिलीत. नुसत्या शब्दांनी नाही. त्या दिवसापासून दुपारी तीन ते साडेतीन माझ्या नावावर कोणतीही मीटिंग लागू दिली नाहीत. त्या अर्ध्या तासात कधी मी रडले, कधी आईला फोन केला, कधी नुसती खिडकीपाशी बसले, आणि कित्येकदा काम केलं. त्यामुळे उरलेल्या वेळात माझं काम खरोखर चांगलं होऊ लागलं.

कामाबद्दलही एक सवय तुम्ही लावलीत. टेबलावरून उठण्याआधी एक ओळ लिहायची: कुठे थांबले आणि परत आल्यावर पहिलं काय करायचं. एका कामावरून दुसऱ्याकडे जाताना लक्षाचा काही भाग मागेच रेंगाळतो, हे सोफी लेरॉय यांनी 2009 साली प्रयोगांतून दाखवलं. दिवसातून दहा वेळा आईचा, शाळेचा, बॅंकेचा फोन येणाऱ्या माणसासाठी ती एक ओळ म्हणजे परतीची खूण आहे. माझ्या वहीत अजूनही अशा ओळी आहेत. "तक्त्याचा तिसरा रकाना तपासला, चौथ्यापासून."

मनातलं लिहून काढ, असंही तुम्ही सुचवलं होतंत. अनेकांना त्याचा फायदा होतो. मला मात्र ते मानवलं नाही, लिहायला बसले की आणखी खोल जायचे. तुम्ही लगेच म्हणालात, "मग सोड." हे लगेच सोडायला सांगणंसुद्धा मदतच होती.

आणि एकदा, सगळं बरं चाललंय असं मी सांगत असताना, तुम्ही सरळ विचारलं होतंत: झोप, भूक, कशात तरी रस, हे सलग दोन आठवडे जवळपास रोज गेलेलं आहे का? तसं असेल तर माझ्याशी बोलून भागणार नाही, डॉक्टरांकडे जायचं, मी सोबत येते. माझ्यावर ती वेळ आली नाही. पण आपल्या मदतीची सीमा कुठे संपते, हे ओळखून तसं बोलणारी माणसं थोडी असतात.

आई आता बरी आहे. उजवीकडचं बटण तिच्या हाताला सापडतं, डावीकडचा दिवा मात्र तिनं काढू दिला नाही. बाबांचा नंबर अजून चालू आहे. कागदावरची ती ओळ तशीच आहे आणि मला तिची घाई नाही.

ताई, पुढच्या महिन्यात तुम्ही निवृत्त होताय. होम्स आणि राहे यांच्या यादीत निवृत्तीला 45 गुण आहेत. तुम्ही "मला काय होणारंय" म्हणाल, म्हणून विचारत नाही, सांगते. मंगळवारचा अहवाल मी परत घेतलाय, साहेबांशी बोलून झालंय. निवृत्तिवेतनाचे कागद माझ्याकडे, ते मी शनिवारी सकाळी दहाला न्यायला येते. येताना कोरा कागद आणि पेन्सिल घेऊन येईन. डोक्यात जे जे फिरतंय ते सगळं लिहून काढा. छोटं-मोठं बघू नका.

तुमची,
शेजारच्या टेबलावरची