मित्रास पत्र: घरच्या प्रार्थनेबद्दल

प्रिय दोस्ता,

प्रभू येशूच्या नावात तुला आणि वहिनींना सलाम, पोरांना पापा.

तुझा तो लांबलचक व्हॉइस मेसेज दोनदा ऐकला, पहिल्यांदा उद्यमबागला कारखान्यातच लावला होता आणि मशीनच्या आवाजात काय कळंना. रोज प्रार्थना करतोय तरी स्वभाव काय बदलंना म्हणतोस, बायकोवर चिडतोय, पोरं मोबाईल सोडत नाहीत आणि मग रात्री डोळे मिटून बसलं की आपणच ढोंगी वाटतोय. अरे मला तर हे चांगलं लक्षण वाटलं बघ. आत काहीतरी काम चालू असल्याशिवाय असलं वाटत नाही माणसाला.

चर्चमधे प्रार्थना सोपी रे. इस्त्रीचा शर्ट घालून जायचं, सकाळी नळाच्या पाण्यावरून घरात काय रामायण झालं ते शेजारच्या बाकड्यावरच्याला कुठं माहीत असतंय. घरात तसं चालत नाही की. "प्रभू, आम्हाला सहनशील कर" म्हटलं की समोर बसलेल्या सगळ्यांना ठाऊक, हाच माणूस अर्ध्या तासापूर्वी चार्जर सापडंना म्हणून ओरडूलालता. म्हणून मला वाटतंय स्वभाव घडतो तो घरच्या प्रार्थनेतच, तिथं खोटं बोलायची सोयच नाही.

पेत्राचं पहिलं पत्र काढ, 3 रा अध्याय, 7 वं वचन. नवऱ्यांना सांगितलंय, बायकोशी समजून वागा, तिला मान द्या, म्हणजे तुमच्या प्रार्थनांना अडथळा येणार नाही. म्हणजे खाली बायकोशी धड बोलत नसशील तर वर पण फोन लागत नाही, इतकं सरळ आहे ते. आणि मत्तय 5 मधे तर अर्पण वेदीपाशी ठेवून आधी भावाशी समेट करून ये म्हटलंय. त्यावरून आईनं घरात नियमच घातलाय, दिवसभरात ज्यांचं वाजलं असेल त्यांनी आधी एकमेकांशी बोलायचं, मगच बायबल उघडायचं. कधीकधी जेवण गार होतंय, सासूसुनेचं असलं तर जरा जास्तच गार (हे आईला सांगू नकोस).

बायको बैलहोंगलची, तिचं सगळं कन्नडमधून. प्रभूची प्रार्थना सुरू झाली की आई "हे आमच्या स्वर्गातील पित्या", ही "परलोकदल्लिरुव नम्म तंदेये", आणि पोरं इंग्लिश मीडियमची, ती मधेच कुठंतरी. आधी आई अडून बसायची, एकाच भाषेत म्हणा म्हणून. आता दोघी एकमेकींसाठी थांबतात, "आमची ऋणे सोड" येईपर्यंत बरोबर एकत्र पोचतात. बाहेर 1 नोव्हेंबरला मराठी लोकांचा काळा दिवस की कन्नड लोकांचा राज्योत्सव यावरून काय चालतंय ते तुला मी काय सांगू, पण गलतीकरांस पत्रातली ती पवित्र आत्म्याची नऊ फळं आपण रविवारशाळेत घोकलेली ना, इंद्रियदमन आलं की तू खुदकन हसायचास, त्यातली सहनशीलता शिकायला सीमाभागातलं स्वयंपाकघर बरं आहे.

पोरांचं म्हणशील तर त्यांना ओळीनं बसवून लांब अध्याय वाचू नकोस, माझं स्पष्ट मत आहे, त्यानं पोरं देवाला कंटाळतात. आपण मेथडिस्ट म्हणवतो, पण हा पंथ सुरू करणाऱ्या जॉन वेस्लीच्या आईचं कुणी सांगत नाही. सुझॅना वेस्ली. एकोणीस लेकरं झाली, त्यातली बरीच लहानपणीच गेली, नवरा कर्जापायी तुरुंगात जाऊन आला, 1709 ला घर जळालं. असं सांगतात की एकांत मिळायचा नाही म्हणून ती अ‍ॅप्रनच डोक्यावर ओढून प्रार्थनेला बसायची, आपल्या बायका पदर घेतात तसंच की. आणि एकेका पोराला आठवड्यातली एक संध्याकाळ ठरवून दिलेली, गुरुवार जॉनचा, शनिवार त्याच्या धाकट्या भावाचा, चार्ल्सचा. 1732 ला जॉन ऑक्सफर्डला होता, चांगला बाप्या माणूस, तरी आईला पत्र लिहून त्या गुरुवारातला थोडा वेळ माझ्यासाठी काढ म्हणून मागतोय.

ते वाचल्यापासून मी शनिवारी बाजाराला थोरल्याला एकट्यालाच गाडीवर घेऊन जातो. येताना विचारतो, तुझ्यासाठी काय मागू देवाकडं? गणिताच्या सरांचा लई राग येतोय म्हणाला, ते मागितलं. पुढच्या वेळी त्यानंच मला विचारलं, पप्पा तुमच्यासाठी काय मागू? मला पटकन काय सुचंना. तर म्हणाला राहू दे मीच ठरवतो, आणि रात्री सगळ्यांसमोर मोठ्यानं, "प्रभू, पप्पा शिफ्टवरून आल्यावर चपला काढेपर्यंत तरी ओरडू नयेत." आई पदरात हसली, बायको तर आमेन आधीच म्हणून मोकळी. तेव्हापासून मी चपला जरा हळूच काढतो.

नाताळला येतोयस ना? आधी कळव, आपली बेळगावची मिठाई, कुंदा आणून ठेवतो. आईला गाठायचं असेल तर फोन करूनच ये, 2023 ला कर्नाटक सरकारच्या शक्ती योजनेत बायकांना बस फुकट झाल्यापासून ती खानापूर काय निपाणी काय, जिथं प्रार्थनेची बैठक तिथं हजर असते. आणि वहिनींना हे पत्र वाचायला दे, लपवून ठेवू नकोस.

तुझाच,
बेळगावकर