बाळीच्या रिपोर्टबद्दल, आई-बाबांना

तीर्थरूप आई-बाबांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

फोनवर हे सगळं नीट सांगून होत नाही. आईचा गळा दाटतो, बाबा गप्प होतात आणि मीही बोलणं आवरतं घेतो. म्हणून लिहितोय. सावकाश वाचा.

बाळीचा शेवटचा रिपोर्ट आला. प्राडर-विली सिंड्रोम. आम्हीही हे नाव पहिल्यांदाच ऐकलं. १९५६ मध्ये झुरिकच्या डॉक्टरांनी या आजाराचं पहिलं वर्णन केलं. साधारण दहा ते तीस हजार बाळांमागे एखाद्याला तो असतो. तिचं अंग इतकं सैल का, रडणं एवढं क्षीण का, दूध ओढायला ताकद का नाही, या सगळ्याचं उत्तर या एका नावात निघालं. बघायला येणारे ‘किती शांत बाळ आहे’ म्हणायचे, तेव्हा तुमच्या सुनेच्या पोटात गोळा यायचा. आधी जंतुसंसर्ग वाटला, मग स्नायूंचा आजार, मग मेंदूचा एमआरआय. रिपोर्ट नॉर्मल आला की आनंद मानावा की घाबरावं, तेच कळत नव्हतं. शेवटी मिथिलेशन टेस्ट नावाच्या रक्ततपासणीत सापडलं.

आई, तू विचारलंस, आपल्या घरात कुणाला असं काही नव्हतं, मग हे आलं कुठून? तर ऐक. प्रत्येक गुणसूत्राच्या दोन प्रती असतात, एक आईची, एक वडिलांची. पंधराव्या गुणसूत्रावर एक छोटा भाग असा आहे, की तिथली आईकडून आलेली काही जनुकं मुळातच मुकी असतात. काम करतात ती फक्त वडिलांकडची. बाळीमध्ये नेमका वडिलांकडचा, म्हणजे माझ्याकडून आलेला तुकडा गळालाय. तोच आईच्या प्रतीतून गळाला असता तर अगदी वेगळा आजार झाला असता, अँजेलमन सिंड्रोम. डॉक्टरांनी हे सांगितलं तेव्हा मी त्यांच्याकडे बघतच राहिलो.

पण माझ्याकडून आला म्हणजे माझ्यामुळे झालं असं नाही. आमच्या दोघांच्याही तपासण्या स्वच्छ आल्यात. बीज तयार होतानाच हे आपोआप घडून जातं. गरोदरपणी काय खाल्लं, किती दगदग झाली, याचा त्याच्याशी काहीएक संबंध नाही. या प्रकारात पुढच्या मुलाला हे होण्याची शक्यता एक टक्क्याहूनही कमी असते. तेव्हा तुझ्यासमोर कुणी सुनेला बोल लावला, तर आई, तू तिथल्या तिथे त्यांना थांबव. मी सांगण्यापेक्षा तुझ्या तोंडून गेलेलं जास्त लागू पडेल. ती रात्र रात्र नळीने दूध देत बसलेली असते. तिला आणखी कुणाला उत्तरं द्यायची ताकद नाही.

आता लिहायला जड जातंय ते. आज जिच्या पोटात घोटभर दूध जात नाही, तिलाच काही वर्षांनी भूक आवरणार नाही. पोट भरल्याची जाणीव मेंदूतल्या हायपोथॅलॅमसमुळे होते, तिथेच या आजारात बिघाड असतो. शिवाय अशा मुलांच्या शरीराला कॅलरी कमी लागतात, त्यामुळे दुसऱ्या वर्षाच्या आसपास फार न खाताही वजन चढू लागतं. म्हणजे आज वजन वाढत नाही म्हणून रडायचं आणि उद्या वाढतंय म्हणून जपायचं. मला हेच पचायला सगळ्यात वेळ लागतोय.

आई, तुझं प्रेम ताटातून येतं, आम्ही त्यावरच वाढलो. पण बाळीला हळूच दिलेला एक घाससुद्धा तिचे हाल वाढवेल. वेळा ठरलेल्या, माप ठरलेलं, पुढे कदाचित स्वयंपाकघराला कुलूपही. ते बघून तुला वाईट वाटेल. तरी तू नियम मोडू नकोस. तिला गोष्टी सांग, गाणी म्हण, मांडीवर घेऊन बस. ते तिला हवंच आहे.

बाबा, तुम्ही हे लक्षात ठेवा: अशा मुलांना दुखणं कमी जाणवतं, उलटी सहसा होत नाही, आजारपणात ताप येईलच असंही नाही. ती नेहमीपेक्षा मलूल दिसली तर थर्मामीटरवर विसंबू नका, लगेच डॉक्टर गाठा.

उपाय नाही असं नाही. आजार मुळापासून जात नाही, पण ग्रोथ हार्मोनच्या रोजच्या इंजेक्शनाने स्नायूंना बळ येतं, उंचीही वाढते. त्याआधी झोपेत श्वास नीट चालतो का, ते तपासणार आहेत. फिजिओथेरपी सुरू झालीय. इंटरनेटवरचे फोटो बघत बसू नका. त्यातली बरीच मुलं अशी आहेत, ज्यांचं निदान फार उशिरा झालं. आपल्याला तान्हेपणीच कळलंय, आणि मी त्यालाच धरून आहे.

पुढच्या भेटीसाठी प्रश्नांची वही केली आहे. तुमचे प्रश्न लिहून पाठवा, कितीही साधे वाटले तरी. मी तुमच्या नावाने विचारेन.

तुमचा,
दादा