आंबाडुंगरच्या खाणीसाठी : दगड, कागद, आठवणी आणि थोडे पैसे

वाचनालयाचे सर्व सभासद आणि नोकरीधंद्यासाठी जिल्ह्याबाहेर गेलेली आपली माणसं यांस,

वाचनालयाच्या मागच्या खोलीत एक लहानसं खनिज-दालन उभं करायचं ठरलं आहे. विषय एकच, आंबाडुंगरची फ्लोराइट (कॅल्शियम आणि फ्लोरिनचं खनिज) खाण. ही खाण गुजरातेत, छोटा उदेपूर जिल्ह्याच्या कवांट तालुक्यात. ‘मग आपल्याला काय त्याचं?’ हा प्रश्न कार्यकारिणीच्या बैठकीतच आला. आपल्या नंदुरबार जिल्ह्याची उत्तर सीमा म्हणजे नर्मदा, आणि आंबाडुंगर नर्मदेच्या पलीकडे थोड्याच अंतरावर आहे. अक्राणी-अक्कलकुव्याच्या डोंगरांत उभ्या असलेल्या माणसाला मुंबई लांब, हा डोंगर जवळ. शिवाय नंदुरबार-धुळ्याच्या माळावर काळ्या दगडाच्या ज्या लांबच लांब भिंती दिसतात, त्या भूवैज्ञानिकांच्या भाषेत डाइक. दख्खनच्या लाव्हाच्या ज्या उद्रेककाळात त्या तयार झाल्या, त्याच काळाशी या डोंगराचाही संबंध आहे.

फरक इतकाच की तिथे वर आलेला रस वेगळा होता. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी जमिनीखालून कार्बोनेटाइट नावाचा शिलारस उसळला. साध्या लाव्हात सिलिका भरपूर असते, यात मात्र निम्म्याहून अधिक कार्बोनेट खनिजं. म्हणजे चुनखडीसारखा दिसणारा, आम्ल टाकलं की फसफसणारा, पण अग्निजन्य खडक! टांझानियातला ओल डोइन्यो लेंगाई हा असा रस ओकणारा जगातला एकमेव जागृत ज्वालामुखी. आंबाडुंगरला या रसाने वरचे, ‘बाघ थर’ म्हणून ओळखले जाणारे वालुकाश्म आणि चुनखडक घुमटासारखे उचलले, फोडले आणि भेगांतून गोल कड्यासारख्या, वर्तुळाकार आकारात वर येऊन तो थिजला. सगळ्यात शेवटी आले फ्लोरिनयुक्त गरम पाण्याचे लोट. कार्बोनेटाइट आणि वालुकाश्म जिथे भिडतात तिथल्या फटींमध्ये हे पाणी निवत गेलं, कॅल्शियमशी त्याची गाठ पडली आणि फ्लोराइट साचलं. जांभळं, करडं, कुठे जवळजवळ काचेसारखं रंगहीन. स्फटिक घनाकृती, आणि खिशातल्या चाकूनेही ओरखडा उठेल इतके मऊ.

हे कार्बोनेटाइट आहे, हे १९६३ मध्ये आर. एन. सुखेश्वाला आणि जी. आर. उदास यांनी जाहीर केलं. सुखेश्वाला मुंबईच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयात भूशास्त्र शिकवत आणि उदास अणुखनिज विभागात होते. भारतात या खडकाची ओळख पटलेल्या अगदी पहिल्या जागांपैकी ही एक. पुढे झेवियर्सच्याच एस. जी. विलाडकर यांनी इथल्या खडकांवर वर्षानुवर्षं काम केलं. आपल्याकडच्या शाळांतून मात्र या डोंगराचं नावही ऐकू येत नाही, याची आम्हाला खरोखर खंत वाटते.

इथे सुमारे १ कोटी १६ लाख टन खनिज असल्याचा आणि त्यात सरासरी ३० टक्के फ्लोराइट असल्याचा अंदाज नेहमी दिला जातो. गुजरात खनिज विकास महामंडळाने इथे खाणकाम केलं आणि जवळच्या कडीपाणीला रोज ५०० टन खनिज हाताळू शकेल असा शुद्धीकरण कारखाना चालवला. दगड दळायचा, पाण्यात कालवायचा, रसायनं घालून फेस काढायचा आणि फेसाबरोबर फ्लोराइट वर आणायचं, अशी ही पद्धत. ऐकायला सोपी, पण फ्लोराइटच्या जोडीला असलेलं कॅल्साइट (चुनखडीतलं मुख्य खनिज) हेही कॅल्शियमचंच, त्यामुळे दोघांना वेगळं करणं जिकिरीचं. हायड्रोफ्लोरिक आम्ल बनवण्यासाठी तर ९७ टक्के शुद्ध माल लागतो. पोलादाच्या भट्टीपासून फ्रिजमधल्या वायूपर्यंत आणि न चिकटणाऱ्या तव्यापर्यंत फ्लोराइटची वाट जाते, आणि आपला देश आजही ते मोठ्या प्रमाणात बाहेरून आणतो.

आता या डोंगराकडे पुन्हा लक्ष वळलं आहे, पण ते फ्लोराइटसाठी नाही, दुर्मीळ मृदा मूलद्रव्यांसाठी, म्हणजे चुंबक आणि इलेक्ट्रॉनिक वस्तूंत लागणाऱ्या धातूंसाठी. नवी खाण सुरू होईल तेव्हा तिची छायाचित्रं, अहवाल, बातम्या ढिगाने असतील. जुन्या खाणीचं काय? ज्यांनी तिथे सुरुंगाची भोकं पाडली, ट्रक हाकले, प्रयोगशाळेत नमुने तपासले, ती माणसं आता म्हातारी झाली आहेत. म्हणून ही घाई.

तुमच्या घरात, नात्यात कुणी कडीपाणीला किंवा आंबाडुंगरला काम केलं असेल, तर आम्हाला कळवा. हजेरीचं कार्ड, पगाराची चिठ्ठी, कॉलनीतला गणपतीचा किंवा होळीचा फोटो, काहीही चालेल. मूळ कागद आम्ही ठेवून घेणार नाही, समोर स्कॅन करून लगेच परत देऊ. आठवणी ध्वनिमुद्रित करायला भिलोरी, पावरी आणि राठवी नीट समजणारी तरुण मुलं-मुली हवी आहेत. मराठीत प्रश्न विचारून मराठीतच उत्तर मागितलं की निम्मी गोष्ट घशातच राहते. झेवियर्सच्या भूशास्त्र विभागाच्या माजी विद्यार्थ्यांकडे सहलींच्या वह्या, नकाशे, खडकांचे सूक्ष्मदर्शकी काप असतील तर त्यांच्या प्रतीही पाठवाव्यात.

दगडांबद्दल एक कळकळीची विनंती. घरात पूर्वीपासून असलेलाच नमुना द्या, त्यासाठी जुन्या खड्ड्यांत उतरू नका. कडा सुटलेल्या असतात आणि परवानगीशिवाय आत जाणं गुन्हाही ठरू शकतो. नाशिककडच्या संग्राहकांकडून सिन्नरजवळच्या महोदरीचं फ्लोराइट मिळालं तर दुधात साखर. ते बेसाल्टच्या पोकळीत गोल गोळ्यांसारखं वाढतं, त्यामुळे एकाच खनिजाची दोन रूपं मुलांना शेजारी शेजारी दाखवता येतील.

पैशांचं सांगायचं तर सुताराने काचेच्या दोन कपाटांचे ३८ हजार रुपये सांगितले आहेत. खडकांचे काप पाहण्यासाठी लागणारा ध्रुवित प्रकाशाचा सूक्ष्मदर्शक नवा घेणं आमच्या आवाक्याबाहेरचं आहे. एखाद्या महाविद्यालयाने वापरातून काढलेला असेल तर तो दुरुस्त करून घेऊ. १०० रुपयांपासून पुढे कितीही देणगी चालेल. रोख रक्कम फक्त ग्रंथपालांकडेच द्यावी आणि पावती घेतल्याशिवाय जाऊ नये. धनादेश वाचनालयाच्या नावाने काढावा. देणगीदारांची नावं आणि खर्चाचा हिशेब दर महिन्याला फलकावर लावू.

नमुने आणि कागद सोमवार सोडून रोज संध्याकाळी ५ ते ८ या वेळेत स्वीकारले जातील. प्रत्येक दगडासोबत तो कुठे, कधी आणि कुणाला मिळाला एवढं चिठ्ठीवर लिहून आणा. ठिकाण न लिहिलेला दगड कितीही सुंदर असला तरी आम्ही तो कपाटात ठेवणार नाही.

आपली,
वाचनालयाची कार्यकारिणी