नवखे, मुरलेले आणि मधले

माननीय संपादक महोदय,
सादर नमस्कार.

छंदांविषयीच्या लेखांच्या शेवटी एक सल्ला हमखास असतो : अधिक जाणून घ्यायचे असेल तर त्या छंदाच्या एखाद्या ऑनलाइन समूहात सामील व्हा. सल्ला चुकीचा नाही. मात्र तो मानून समूहात पाऊल ठेवणाऱ्या माणसाचे तिथे काय होते, आणि त्याच्या येण्याने तिथे आधीपासून बसलेल्यांचे काय होते, याविषयी फारसे लिहिले जात नाही. मी गेली १४ वर्षे आकाशनिरीक्षणाला वाहिलेल्या एका समूहाचा सदस्य आहे आणि त्यांपैकी काही वर्षे समूहाच्या व्यवस्थेचे कामही पाहत आलो आहे. या काळात नव्याजुन्यांमधले अनेक खटके मी पाहिले, काहींत स्वतः हिरिरीने भागही घेतला. त्यावरून जे मत बनले ते आपल्या वाचकांपुढे ठेवण्यासाठी हे पत्र.

आमच्याकडे ठिणगी पडते ती अगदी साध्या प्रश्नावरून : ‘मला आकाश पाहायची आवड आहे, कोणती दुर्बीण घेऊ?’ विचारणाऱ्याने दुर्बिणीच्या खोक्यावर ‘५०० पट मोठे दिसेल’ असा दावा वाचलेला असतो आणि तो त्याच्या मनात पक्का बसलेला असतो. वस्तुतः दुर्बिणीची ताकद वर्धनात नसते, तिच्या भिंगाच्या किंवा आरशाच्या व्यासात, म्हणजे ती किती प्रकाश गोळा करते यात असते. व्यासाच्या दर मिलिमीटरमागे सुमारे दोन पट ही उपयुक्त वर्धनाची ढोबळ मर्यादा मानली जाते. त्या हिशेबाने ६० मिलिमीटरच्या दुर्बिणीतून १२० पटींच्या पुढे गेल्यास ग्रह मोठा दिसतो खरा, पण त्याच्याबरोबर त्याचा धूसरपणाही तेवढाच मोठा होतो. त्यापेक्षा सुरुवातीला एखादी १० × ५०ची (१० पट वर्धनाची, ५० मिलिमीटर व्यासाच्या भिंगांची) द्विनेत्री घ्यावी, कृत्तिका, देवयानी दीर्घिका आणि चंद्रावरची विवरे पाहावीत आणि मग दुर्बिणीचा विचार करावा, हे समजावायला चार वाक्ये पुरतात. पण ती चार वाक्ये लिहिणारा माणूस ती वर्षानुवर्षे लिहीत आलेला असतो, आणि एके दिवशी त्यांच्याऐवजी ‘आधी जुन्या चर्चा शोधा’ एवढेच टाकून मोकळा होतो. त्याखाली दुसरा कुणीतरी मुरलेला सदस्य हसरा चेहरा चिकटवतो, आणि नवख्या माणसाला त्या हसऱ्या चेहऱ्याचाच अधिक राग येतो.

विचारणाऱ्याच्या दृष्टीने तो प्रश्न जगात पहिल्यांदाच विचारला गेलेला असतो, हे आम्ही विसरतो. शिवाय ‘शोधा’ म्हणणे सोपे असले तरी शोधण्यासाठीही आधी थोडे शिकलेले असावे लागते. ज्याला ‘नेत्रिका’ हा शब्द ठाऊक आहे त्याला नेत्रिकांविषयीच्या सगळ्या जुन्या चर्चा सापडतात. ज्याला तो ठाऊक नाही तो ‘डोळा लावायची काच’ असे शोधून रिकाम्या हाताने परततो. म्हणजे शोधण्याचा सल्ला नेमका ज्याला द्यायचा त्यालाच तो पाळता येत नाही.

जुन्यांची बाजूही तितकीच खरी आहे. त्यांच्या वेळेचे त्यांना कुणी काही देत नाही. उत्तर मिळाले की विचारणारा बहुधा परत फिरकत नाही. दुर्बीण घेतली की नाही, घेतली तर तिच्यातून काय दिसले, हे कळवण्याचे सौजन्यही क्वचितच कुणी दाखवतो. मध्यंतरी समूहाच्या जुन्या नोंदी चाळताना मला माझाच पहिला प्रश्न सापडला. तो दुर्बिणीच्या खरेदीविषयीच होता, त्यात वर्धनाविषयीचा तोच गैरसमज होता, आणि एका सदस्याने त्याला दीड पानाचे सविस्तर उत्तर दिले होते. त्या उत्तराखाली माझे आभाराचे एक अक्षरही नाही. ते गृहस्थ पुढे कधीतरी समूह सोडून गेले; कधी गेले हे मला नोंदींवरून शोधावे लागले.

हा बेबनाव आजचा नाही. १९८०मध्ये अमेरिकेतील दोन विद्यापीठांना जोडून सुरू झालेल्या यूजनेट या चर्चाजाळ्यावर दर सप्टेंबरात नव्या विद्यार्थ्यांची लाट येत असे. ते विद्यार्थी महिनाभर नको तिथे नको ते विचारत, जुनी मंडळी वैतागत, आणि मग नवे एकतर रीतभात शिकत किंवा कंटाळून निघून जात. पुढे व्यावसायिक इंटरनेट सेवांनी आपल्या ग्राहकांना यूजनेट खुले केले, १९९४च्या सुरुवातीला ‘अमेरिका ऑनलाइन’चे असंख्य ग्राहक तिथे पोहोचले, आणि ही लाट ओसरेनाशी झाली. तेव्हाच्या जुन्या सदस्यांनी १९९३च्या सप्टेंबरला ‘कधीच न संपलेला सप्टेंबर’ असे नाव दिले आणि ते आजही वापरात आहे. त्या नावातला वैताग सर्वांच्या लक्षात येतो, पण त्यामागचे गणित सहसा कुणी पाहत नाही. सप्टेंबर संपत असे तो नवख्यांना अक्कल लवकर येई म्हणून नव्हे. शिकवणारे पुष्कळ होते आणि शिकणारे त्या मानाने थोडे होते, एवढेच त्यामागचे कारण होते. हे प्रमाण उलटले आणि तेच सभ्य लोक खेकसू लागले.

ऑक्टोबर १९९५मध्ये ऑनलाइन शिष्टाचाराची एक मार्गदर्शिका प्रसिद्ध झाली. तिच्यात नव्या माणसाला असा सल्ला होता की, काहीही लिहिण्यापूर्वी एक ते दोन महिने नुसते वाचत राहावे, म्हणजे त्या समूहाचा स्वभाव कळतो. सल्ला शहाणपणाचा आहे आणि आमच्या समूहातील काही ज्येष्ठ तो अजूनही ऐकवतात. पण आज माणूस समूहात येतो तो फोनवर अचानक समोर आलेल्या एखाद्या छायाचित्राच्या मागोमाग, चालू संभाषणाच्या अगदी मधोमध. आपण एखाद्या जुन्या मंडळात पाऊल टाकत आहोत याची त्याला जाणीवही नसते. त्याच्याकडून दोन महिन्यांच्या मौनाची अपेक्षा करणे मला तरी व्यवहार्य वाटत नाही.

आता थोडे आमच्या, म्हणजे मुरलेल्यांच्या, दोषांविषयी. पेयांची चव नोंदवणाऱ्या हौशी लोकांच्या दोन मोठ्या ऑनलाइन समूहांतील अनेक वर्षांच्या लिखाणाचा संगणकाच्या साहाय्याने केलेला एक अभ्यास २०१३मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात असे दिसले की नवा सदस्य सुरुवातीच्या काळात समूहाची भाषा झपाट्याने उचलतो, मग एका टप्प्यावर त्याचे बदलणे थांबते, आणि समूहाची भाषा मात्र नव्या सदस्यांबरोबर पुढे सरकत राहते. म्हणजे जुन्या सदस्याला जे ‘समूहाचे बिघडणे’ वाटते त्यातला काही भाग हा त्याचे स्वतःचे थांबणे असतो. हे वाचून मी आमच्याच समूहाकडे पाहिले आणि वरमलो.

कारण आमच्याकडचा सध्याचा सर्वांत कडवट वाद याच जातीचा आहे. आता अशा छोट्या स्वयंचलित दुर्बिणी मिळतात की त्या फोनवरून चालतात, आकाशातील वस्तू स्वतः शोधतात, अनेक छायाचित्रे एकावर एक रचून अंधूक तेजोमेघाचे रंगीत चित्र काही मिनिटांत हातात ठेवतात. ध्रुवताऱ्याशी माउंट, म्हणजे दुर्बीण फिरवणारा आधार, जुळवण्यात ज्यांच्या कित्येक थंड रात्री गेल्या त्यांना हे आयत्या बिळावरच्या नागोबासारखे वाटते, आणि ‘याला निरीक्षण म्हणत नाहीत’ असे ते सुनावतात. पण हेच वाक्य त्यांनी स्वतः ऐकलेले आहे. बटण दाबताच ताऱ्याकडे वळणारी दुर्बीण आली तेव्हा नकाशा हातात घेऊन ताऱ्यावरून ताऱ्यावर जाणाऱ्यांनी त्यांना ते ऐकवले होते. आणि तसेच, फिल्म विशिष्ट वायूत तापवून तिची संवेदनशीलता वाढवणाऱ्या छायाचित्रकारांनी डिजिटल संवेदक वापरणाऱ्यांना. सायास केल्याचा अभिमान रास्त आहे. परंतु आपण केले तेवढे सायास प्रत्येकाने केलेच पाहिजेत, ही त्या अभिमानाची मागणी रास्त नाही. (त्या स्वयंचलित दुर्बिणीतून डोळ्याने काहीच पाहता येत नाही, याची हळहळ मात्र मलाही वाटते, आणि ती मी लपवणार नाही.)

नवख्यांना परतवून लावण्याची किंमत काय असते, याचे एक मोठे उदाहरण विकिपीडियाचे आहे. इंग्रजी विकिपीडियावर सक्रिय संपादकांची संख्या २००७मध्ये सर्वोच्च होती आणि त्यानंतर ती बरीच वर्षे घटत गेली. २०१३मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनाने दाखवले की प्रामाणिक हेतूने आलेल्या नव्या लोकांच्या दुरुस्त्या पूर्वीपेक्षा अधिक प्रमाणात परतवल्या जाऊ लागल्या होत्या, त्याही बऱ्याचदा अर्धस्वयंचलित साधनांनी, एकाही माणसाने दोन शब्द न बोलता, आणि म्हणून नवे लोक टिकत नव्हते. नासधूस करणाऱ्यांना आवरण्यासाठी ही साधने उभारली गेली होती; ज्यांनी ती उभारली त्यांच्या मनात काही वाईट नव्हते. ही गोष्ट मला विशेष महत्त्वाची वाटते, कारण आमच्या समूहातही नवख्याला दुखावणारे नियम चांगल्या माणसांनी, अनुभवांती आणि कंटाळून केलेले आहेत.

उलट बाजूचे उदाहरण आमच्याच छंदातले आहे. २००७च्या जुलैमध्ये ‘गॅलेक्सी झू’ हा प्रकल्प सुरू झाला आणि सर्वसामान्य हौशी लोक दीर्घिकांच्या छायाचित्रांची वर्गवारी करू लागले. त्याच वर्षी हॅनी व्हान आर्केल या डच शिक्षिकेने एका दीर्घिकेच्या खाली दिसणारा निळसर डाग पाहून तिथल्या चर्चेत ‘हे काय आहे?’ असे विचारले. प्रश्न नवख्याचा होता. तिला कुणी ‘आधी शोधा’ असे सांगितले असते तर तिला काहीच सापडले नसते, कारण उत्तर कुठेच नव्हते : शेजारच्या दीर्घिकेतल्या, आता मंदावलेल्या क्वेसारच्या, म्हणजे अतितेजस्वी दीर्घिकाकेंद्राच्या, प्रकाशाने उजळलेला तो वायूचा प्रचंड ढग होता आणि आज तो तिच्याच नावाने ओळखला जातो. त्याच चर्चेत काही हौशी लोकांनी गंमत म्हणून हिरव्या ठिपक्यांचे ‘वाटाणे’ गोळा केले, आणि पुढे त्या लहानशा दीर्घिकांमध्ये तारे विलक्षण वेगाने जन्मत असल्याचे निष्पन्न झाले. अर्थात प्रत्येक भाबड्या प्रश्नामागे असा शोध दडलेला नसतो; शंभरांतले नव्याण्णव प्रश्न दुर्बिणीच्या खरेदीचेच असतात, आणि प्रश्न आहे तो त्या नव्याण्णवांचाच.

माझे म्हणणे असे की हा वाद शिष्टाचाराचा नाही, शिकवण्याचे काम कुणी करायचे याचा आहे, आणि ते काम आपण चुकीच्या माणसांवर टाकले आहे. २० वर्षे मुरलेल्या माणसाला, नवख्याला नेमके काय कळत नाही हेच आता कळेनासे झालेले असते. ज्याने गेल्याच वर्षी दुर्बीण घेतली, जो महिनाभर उलटी प्रतिमा पाहून गोंधळला, आणि देवयानी दीर्घिका छायाचित्रातल्यासारखी न दिसता राखाडी फुंकरीएवढी दिसली म्हणून हिरमुसला, त्याला ते सगळे ताजे आठवत असते. उत्तर देणारा तोच असावा. त्याला कंटाळा आलेला नसतो, उलट आपल्यालाही आता काही सांगता येते याचा आनंद असतो. शिवाय नवख्यांची संख्या वाढली की पुढच्या वर्षी या मधल्यांचीही संख्या आपोआप वाढते. मुरलेल्यांची तशी वाढत नाही. सप्टेंबरचे ते उलटलेले प्रमाण सावरण्याचा दुसरा मार्ग मला तरी दिसत नाही.

आम्ही गेले काही महिने तसे करून पाहत आहोत. खरेदीच्या आणि प्राथमिक प्रश्नांना पहिला एक दिवस दोन वर्षांच्या आतले सदस्यच उत्तर देतात; ज्येष्ठांनी त्यानंतर चूक असल्यास ती एकदाच, उपहास न करता दुरुस्त करायची. याला एकच अपवाद ठेवला आहे. सूर्याकडे दुर्बीण रोखण्याविषयी कुणी काहीही विचारले तर ज्येष्ठांनी एक क्षणही थांबायचे नाही, कारण नेत्रिकेवर बसवायच्या जुन्या पद्धतीच्या गडद काचा एकवटलेल्या उष्णतेने तडकतात, आणि तिथल्या चुकीच्या उत्तराची दुरुस्ती डोळा गेल्यावर करून उपयोग नसतो.

नवख्यांकडून आम्ही फार काही मागत नाही. आपल्याला काय पाहायचे आहे आणि आतापर्यंत काय करून पाहिले हे प्रश्नातच लिहावे, आणि पुढे काय झाले ते परत येऊन दोन ओळींत कळवावे.

या व्यवस्थेत एक अडचण आहे आणि ती मला अजून सोडवता आलेली नाही. प्राथमिक प्रश्नांचे ओझे उतरल्यावर काही ज्येष्ठ सुखावण्याऐवजी अस्वस्थ झाले. ज्या प्रश्नांवर ते वर्षानुवर्षे चिडत होते त्यांच्यामुळेच त्यांचे समूहात रोजचे येणे होत होते, असे आता दिसते आहे. त्यांच्यातील एकाने मला खासगीत विचारले, ‘मग आता मी इथे काय करायचे?’ आजवरच्या ओळखीत त्यांनी मला विचारलेला हा पहिलाच प्रश्न. त्याचे उत्तर आपल्या वाचकांपैकी कुणाच्या समूहाला सापडले असल्यास त्यांनी ते या स्तंभातून अवश्य कळवावे.

आपला नम्र,
एक जुना सदस्य