डोळ्यानं घेऊ नको, अभ्या

कोल्हापूर

प्रिय अभ्या,

तुझं कोटेशन वाचलं. दुकानदारानं पाऊण पानभर टीव्हीचे आकडे लिहिलेत आणि सगळ्यात खाली एक ओळ, ‘साऊंडबार फ्री’. फोनवर बोललो असतो तर तू ‘हं, हं’ करत ऐकलं असतंस आणि संध्याकाळी जाऊन तेच बुक केलं असतंस. म्हणून लिहायला बसलोय. चहा घेऊन बस, पत्र लांबणार आहे.

आधीच सांगून टाकतो: ही दुकानं डोळ्यांना माल विकतात. आपली मजा निम्म्याहून जास्त अंगठ्यात आणि कानात असते, आणि त्यांच्याबद्दल कोटेशनमध्ये कुणी काही लिहीत नाही.

शोरूममधल्या टीव्हीवर काय चालू असतं ते एकदा नीट बघ. पोपट, कापलेलं कलिंगड, ओघळणारा मध, रात्रीचं झगमगतं कुठलं तरी शहर. माणसाचा चेहरा सहसा नसतो. त्या भडक स्टोअर मोडमध्ये चेहरा टाकला की तो निळसर तरी दिसतो नाही तर भाजल्यागत, आणि चेहरा कसा असतो हे गिऱ्हाइकाला माहीत असतं. खरा पोपट किती हिरवा असतो हे कुणाच्या बापाला ठाऊक? तेव्हा गेलास की रिमोट मागून घे, पिक्चर मोड ‘फिल्ममेकर’ किंवा ‘सिनेमा’वर टाक आणि पाच मिनिटं गप उभा राहा. आधी पिवळट वाटेल, मग डोळा बसेल. फिल्ममेकर मोड २०१९ मध्ये जाहीर झाला आणि त्याचा खरा उपयोग म्हणजे तो टीव्हीची लुडबुड बंद करतो. सिनेमा सेकंदाला २४ चित्रांनी काढलेला असतो. टीव्ही त्या चित्रांच्या मध्ये बसणारी चित्रं स्वतः बनवून आत घुसडतो, आणि एवढ्या खर्चानं काढलेली लढाई दुपारच्या मालिकेच्या सेटवर चाललीय असं वाटायला लागतं.

आता तो ६५ इंची ८केचा पर्याय, म्हणजे ४केच्याही चौपट ठिपके. खोडून टाक. हिशेब सांगतो. चांगल्या नजरेचा माणूस ६५ इंची पडद्यापासून साधारण साडेआठ फुटांच्या पलीकडं बसला की त्याला फुल एचडीचेसुद्धा ठिपके सुटे दिसत नाहीत. ४केचे ठिपके सुटे दिसायला सव्वाचार फुटांच्या आत जावं लागतं. तू नऊ फुटांवर बसणार, वर चष्मा. मग ८के घालणार कुठं? लांबून जो फरक जाणवतो तो एचडीआरचा, म्हणजे काळं किती काळं आणि दिवा किती झगझगीत. ३२ इंचांवरच्या टीव्हीचा जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून २८ चा १८ टक्के झाला, तो वाचलेला पैसा हा बाबा तुला मोठ्या आकड्यात घालायला लावतोय. आवाजात घाल तो. तिकडं येतोच.

आधी अंगठा.

तुमच्या माळ्यावरचा पोर्टेबल टीव्ही आठवतो? त्याला लावायचा तो गेम, ज्याच्या कॅसेटवर ‘९९९९९९ इन १’ लिहिलेलं आणि आत दहा-बारा गेम उलटेपालटे करून भरलेले. ते यंत्र म्हणजे निन्टेंडोच्या १९८३ सालच्या फॅमिकॉमची नक्कल. त्याच्याबरोबर बदकं मारायचं पिस्तूल यायचं. ट्रिगर दाबला की पडदा क्षणभर काळा व्हायचा, बदकाच्या जागी पांढरा चौकोन चमकायचा आणि नळीतला सेन्सर तो उजेड पकडायचा. जुन्या पिक्चर ट्यूबवर सिग्नल आला की ओळ उमटली, मध्ये कुणी दलाल नाही. म्हणून ते चालायचं. मागं भाच्यानं तेच पिस्तूल हौसेनं नव्या एलईडी टीव्हीला लावलं. एक बदक पडलं नाही. पोरगं रडकुंडीला आलं, ‘मामा, माझा नेमच नाही.’ नेम चांगला होता त्याचा. टीव्ही आलेलं चित्र आधी आत घेतो, घोटतो आणि मग दाखवतो. तोवर पिस्तुलाची बघायची वेळ निघून गेलेली असते.

तीच भानगड आजच्या गेममध्ये आहे, फक्त बदक पडत नाही एवढं ढळढळीत कळत नाही. सेकंदाला ६० चित्रं म्हणजे एका चित्राला १६.७ मिलिसेकंद. नेहमीच्या मोडमध्ये टीव्ही चित्र ‘सुधारत’ बसला की १०० मिलिसेकंदांपर्यंत उशीर सहज होतो, म्हणजे तू सहा चित्रं मागं खेळतोस. खासबागेच्या आखाड्यात समोरच्यानं पट काढला आणि तुला ते सहा चित्रांनंतर कळलं, तर तू आभाळच बघत असणार. लोक म्हणतात, ‘वय झालं, आता जमत नाही.’ अरे, गेम मोड लाव आधी! तोच टीव्ही चांगला असेल तर १५ मिलिसेकंदांच्या आत येतो. एचडीएमआय २.१ मधल्या एएलएलएममुळं कन्सोल, म्हणजे गेमचं यंत्र, चालू झाला की टीव्ही आपोआप गेम मोडवर जातो, ते आहे का ते विचार. व्हीआरआर पण विचार, म्हणजे गेम चित्रं कमी-जास्त वेगानं देईल तसा टीव्ही आपला वेग जुळवून घेतो. आणि टीव्हीच्या मागं हात घालून पोर्ट बघ. चार पोर्ट असले तरी बऱ्याच टीव्हीत ४केला १२० हर्ट्झ, म्हणजे सेकंदाला १२० चित्रं, घेणारे दोनच असतात, आणि त्या दोनातलाच एक आवाज बाहेर काढायचा ईआर्क पोर्ट असतो. अ‍ॅम्प त्यात गेला की राहिला एक. तू कन्सोल एकच लावणार म्हणून भागेल, पण विक्रेत्याला हे विचारलंस की तो तुझ्याशी जरा जपून बोलायला लागेल.

गेमच्या आत ‘क्वालिटी’ आणि ‘परफॉर्मन्स’ असे दोन मोड विचारतात तिथं डोळे झाकून परफॉर्मन्स. क्वालिटीत डबक्यातलं प्रतिबिंब छान दिसतं आणि चित्रं पडतात सेकंदाला ३०. प्रतिबिंब बघायला रंकाळा आहे की.

पॅनेलचं म्हणशील तर मला ओलेड आवडतो, हे तुला माहीत आहे. प्रत्येक ठिपका स्वतः पेटतो, स्वतः विझतो, त्यामुळं अंधार खरोखरचा अंधार. क्यूएलईडी नावात कितीही जवळ वाटला तरी तो एलसीडीच आहे, मागून उजेड सोडलेला. पण तुझ्याकडं ओलेड नको. आण्णा सकाळी सातला बातम्या लावतात ते जेवणापर्यंत, आणि आपल्या चॅनेलांवर खाली ती लाल ब्रेकिंगची पट्टी कधी हलते का? वर्ष-दोन वर्षांत ती पट्टी पडद्यात कायमची उमटून बसायची. शिवाय हॉलला पश्चिमेची मोठी खिडकी. तू मिनी-एलईडी घे, लोकल डिमिंगचे झोन जास्त असलेला, म्हणजे मागचा उजेड तुकड्यातुकड्यानं कमी-जास्त करणारा. डॉल्बी व्हिजन, एचडीआरचाच एक प्रकार, ओटीटीसाठी असेल तर बरं, पण त्यासाठी जादा पैसे मोजू नको. प्लेस्टेशन ५ ला ते येतच नाही आणि सॅमसंगच्या टीव्हीत मिळत नाही. बस, चित्राबद्दल एवढं पुरे.

कानाकडं आलो. इथं मी तुझं डोकं खाणार.

तक्रार प्रत्येक घरात एकच: संवादाला आवाज वाढवायचा, गाणं किंवा मारामारी आली की रिमोट शोधायचा. टीव्ही इतके पातळ झाले की स्पीकर खाली नाही तर मागं तोंड करून बसवलेत. संवाद आधी भिंतीला जातो, मग तुझ्याकडं येतो. ५.१ च्या, म्हणजे पाच स्पीकर आणि बासची एक पेटी (सबवूफर) यांच्या, मिश्रणात बोलणं बहुतेक सगळं मधल्या चॅनेलमध्ये असतं. म्हणून मधला स्पीकर खरा आणि दणकट पाहिजे, बाकीचं दागदागिने. फुकटच्या बारवर अ‍ॅटमॉस लिहिलंय, म्हणजे डोक्यावरनं येणारा आवाज, ते वर तोंड केलेल्या चिमुकल्या स्पीकरच्या जोरावर. तो आवाज छतावर आपटून खाली यायला छत सपाट लागतं. तू तर पीओपीचं तीन पायऱ्यांचं नक्षीकाम करून घेतलंयस, मधोमध पंखा. आवाज त्या नक्षीतच हरवणार.

माझं मत: एक साधा एव्ही रिसीव्हर (स्पीकरांना आवाज वाटून देणारा अ‍ॅम्प), पुढं तीन स्पीकर, एक सबवूफर. मागचे दोन पुढच्या दिवाळीला. डब्यातला एकगठ्ठा संच नको, त्यातलं एक बिघडलं की सगळंच भंगारात जातं.

स्पीकरच्या स्टँडची काळजी करू नको. मी उद्यमनगरात चौकोनी पाईपचे वेल्ड करून घेतले, आत वाळू भरली म्हणजे पाईप वाजत नाही. उंची अशी की बसल्यावर ट्वीटर, म्हणजे बारीक सुरांचा छोटा स्पीकर, कानाच्या रेषेत यावा. वेल्डिंगवाल्यानं आधी विचारलं, ‘कुंडीसाठी काय?’ मग स्वतःच सुचवलं की तळाला नट टाकू, फरशी वरखाली असली तर पातळी धरता येईल. दुकानातल्या स्टँडला ही सोय नव्हती. हे गावच तसलं आहे मर्दा. बाबूराव पेंटरांना सिनेमा काढायचा होता तर त्यांनी कॅमेराच इथं घडवला. खरी कॉर्नरचा कॅमेरा स्तंभ उगाच उभा नाही. तुला पाहिजेत तर तुझ्या मापाचे इथनंच करून पाठवतो.

सबवूफर मात्र कुठंही ठेवून चालत नाही. माझी खोली १४ फूट लांब. ४० हर्ट्झच्या सुराची लाट साडेआठ मीटर भरते आणि तिची निम्मी लांबी म्हणजे बरोबर माझी खोली. त्यामुळं तो सूर दोन्ही टोकांच्या भिंतींपाशी घुमतो आणि मधोमध पार गायब होतो. यावर जगभर करतात असा एक उपाय आहे आणि तो करताना माणूस खुळा दिसतो. सबवूफर उचलून सोफ्यावर ठेवायचा, आपण बसतो तिथं. संथ, खोल बासचं गाणं लावायचं आणि गुडघ्यांवर रांगत भिंतीकडेनं कान लावत जायचं. शोकेसच्या कोपऱ्यात नुसतं ढब् ढब्, एकच सूर सुजलेला. दारापाशी काहीच नाही, गाण्यातला बास कुणी काढून नेल्यागत. टीव्ही आणि शोकेसच्या मधल्या पट्ट्यात आलो आणि एकेक सूर वेगळा ऐकू यायला लागला. तिथं खडूनं खूण करत होतो तोवर आई दारात. ‘काय हरवलंय?’ म्हटलं, सबवूफरची जागा बघतोय. सोफ्यावरच्या त्या काळ्या पेटीकडं बघून म्हणाली, ‘मिरवणुकीतला डॉल्बी आता घरात आणलास व्हय?’ तिला अजून पटलेलं नाही. पण संध्याकाळची मालिका आता टीव्हीच्या स्पीकरवर लावत नाही, हे पण लिहून ठेव.

कन्सोल डिस्कवालाच घे, यावर चर्चा नको. नवा मोठा गेम पाच हजारांच्या घरात जातो. इथं आमच्यात एक डिस्क शाहूपुरीतनं निघते, कसबा बावड्याला जाते, फुलेवाडीत महिनाभर अडकते आणि शेवटी निम्म्या किमतीला विकली जाते. डिजिटल गेम तू भावाला पण देऊ शकत नाहीस. आणि ‘विकत घेतला’ म्हणतोस तो परवाना असतो, देणाऱ्याची मर्जी असेतोवर. युबिसॉफ्टचा ‘द क्रू’ हा गाड्यांचा गेम २०१४ चा; ३१ मार्च २०२४ ला सर्व्हर बंद केले आणि डिस्क हातात असलेल्यांचा पण खेळ संपला, कारण तो गेम सर्व्हरशिवाय सुरूच होत नव्हता. म्हणजे डिस्क असून पण खात्री नाही, नसली तर काय विचारतोस! व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशननं २०२३ मध्ये अमेरिकेतल्या जुन्या गेमचा हिशेब मांडला, तर २०१० च्या आधीचे ८७ टक्के गेम आज सरळ मार्गानं विकत मिळत नाहीत. माळ्यावरची ती कॅसेट मात्र आजही चालते. प्लेस्टेशन ५ स्लिमचा सुटा डिस्क ड्राइव्ह पहिल्यांदा जोडायला इंटरनेट लागतं, हा चावटपणा मला अजिबात पटत नाही. तुझा पैसा, तुझा ड्राइव्ह, आणि परवानगी मागायची?

डिस्कचा दुसरा फायदा सिनेमाला. ४केसाठी नेटफ्लिक्स १५ एमबीपीएसची लाईन मागतं. ४के ब्लू-रे १२८ पर्यंत जाते. अंधारातल्या प्रसंगात धुराचे पट्टे पडतात का नाही ते त्या फरकात आहे. मराठी सिनेमा त्यावर शोधत बसू नको, पण इंग्रजी, जपानी बरंच आहे.

यूपीएस घे. वळवाच्या पावसात गेम सेव्ह होत असताना लाईट गेली की पुढचं सांगायला नको.

रविवारच्या आत मला तीन मापं पाठव: हॉलची लांबी, बसल्यावर कानाची उंची, टीव्हीच्या भिंतीची रुंदी. स्टँड त्याशिवाय टाकता येत नाहीत. आण्णांना आणि वहिनींना नमस्कार सांग. वहिनींना पेट्यांचा आकार मीच सांगीन, तू बोलू नको. आणि गणपतीला येताना माझी ती रेसिंगची डिस्क आण. फुलेवाडीचा माणूस रोज फोन करतोय.

तुझा,
दिग्या